थोरल्याचा पत्ता

निवृत्त माणसानं काय करावं हे पेणमधल्या आमच्या रामवाडीच्या सोसायटीत ठरलेलं आहे. सकाळी फिरायला जावं, आल्यावर जिन्यात उभं राहून पेपरातल्या बातम्यांवर तावातावानं बोलावं, आणि संध्याकाळी पार्किंगमध्ये गाडी वाकडी कुणी लावली याचा तपास करावा. मी यातलं काही करत नाही. मी मेलेली माणसं शोधतो. ताजी नव्हेत, फार जुनी, ज्यांचं सुतक आता कुणालाच उरलेलं नाही अशी. हे मी एकदा गणपतीच्या मीटिंगमध्ये सरळ सांगून टाकलं. तेव्हापासून सोसायटीचे चेअरमन माझ्याबरोबर एकटे लिफ्टमध्ये येत नाहीत, जिन्यानं जातात. त्यांच्या तब्येतीला ते बरंच आहे.

या उद्योगात मला ओढलं ते माझ्या रोह्याच्या मित्रानं. आम्ही दोघं रोह्याला एकाच कंपनीत होतो, मी ड्रॉइंग सेक्शनला आणि तो स्टोअरला. आयुष्यभर नट, बोल्ट आणि व्हॉल्व्ह मोजल्यामुळे त्याच्या लेखी जगातली कुठलीही वस्तू एकतर शिल्लक असते नाहीतर संपलेली असते. तिसरा प्रकार त्याला माहीत नाही. निवृत्तीनंतर स्टोअर सुटलं, मोजायची खोड राहिली. मग त्यानं पेण-रोह्याकडच्या जुन्या समाध्या, कबरी, पुरलेल्यांच्या खुणा आणि वीरगळ मोजायला घेतले. वीरगळ म्हणजे लढताना मेलेल्या माणसासाठी उभा केलेला कोरीव दगड. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतायत, सगळ्यात वर तो शंकरापुढे हात जोडून बसलेला. नाव कुठेच नाही. एवढं सगळं कोरायला वेळ होता तर नाव टाकायला काय झालं होतं, हा माझा पहिला प्रश्न. मित्र म्हणाला, "तेव्हा सगळ्यांना माहीत होतं ना, कोण मेलाय ते." 

पद्धत सोपी आहे. इंग्रजांच्या काळातल्या सर्व्हेच्या नकाशांच्या प्रती आता इंटरनेटवर मिळतात. त्यांत विहिरी, देवळं, पायवाटा यांच्याबरोबर कबरींसाठीही एक बारीक खूण असते. तो नकाशा कॉम्प्युटरवर आजच्या उपग्रहाच्या चित्रावर पसरायचा. मधल्या काळात जे हललेलं नाही, म्हणजे देऊळ, टेकडीचं टोक, तळ्याचा कोपरा, ते एकमेकांवर नीट बसवायचं, की बाकीचा नकाशा ताणला जाऊन जागेवर येतो. मग ती खूण आज कुणाच्या भातात, कुणाच्या अंगणात किंवा कुठल्या ढाब्याखाली आलीय ते दिसतं. हे बसवायचं काम माझं, कारण माझा जन्म ट्रेसिंग पेपर एकावर एक ठेवण्यात गेला. नंतर प्रत्यक्ष जाऊन बघायचं आणि मित्रानं आपल्या कॉम्प्युटरात नोंद करायची. त्या नोंदींना तो डेटाबेस म्हणतो. प्रत्येक जागेपुढे शेवटचा रकाना असतो, त्यात दोनच शब्द चालतात: सापडले किंवा हरवले.

पहिली मोठी फजिती जिते गावाजवळ झाली. नकाशातली खूण एका ओढ्याकाठी येत होती, आणि बरोबर तिथेच एक घडीव चौकोनी धोंड आडवी पडलेली. मित्र गुडघ्यांवर बसला. पिशवीतून रंगकामाचा नवाकोरा ब्रश काढून तो धोंडेवरची माती इतक्या हळुवारपणे झाडायला लागला, की त्याच्या बायकोनं पाहिलं असतं तर तिला वाईट वाटलं असतं. मी फूटपट्टी लावून फोटो काढत होतो. तेवढ्यात दोन बायका कपड्यांच्या बादल्या घेऊन आल्या आणि बघत उभ्या राहिल्या. मग एक दुसरीला म्हणाली, "बघ गो, आपली धोंड धुवाला आता पेनवरनं मानसं येतात." दुसरी आम्हाला म्हणाली, "झाली काय धुवून? मग सरका जरा, ऊन चढतंय." मित्रानं ब्रश पिशवीत टाकला आणि स्टेशन येईपर्यंत चहाचंसुद्धा नाव काढलं नाही. नोंद मात्र त्याच दिवशी केली: हरवले.

आईला माझ्या या उद्योगाचा भयंकर राग. बायको नातवाला सांभाळायला मुलीकडे गेलेली, त्यामुळे घरात मी आणि आई, आणि आईला बोलायला मी एकटाच. आई ऐंशीच्या पुढची, पाठीत वाकलेली, पण जीभ अजून सरळ. ती मूळची मिठागरावरची. खाडीकाठच्या आमच्या गावात बांधाच्या आत भात आणि बांधाच्या बाहेर मीठ, यावर सगळी घरं जगायची. "लोकांची मढी हुडकत फिरतोस," ती मला म्हणायची, "घरातला कोन गेलाय त्याची कदी चौकशी केलीस का?"

घरातला म्हणजे माझा भाऊ. आम्ही जुळे. तो आधी जन्मला, मी मागून, म्हणून तो थोरला. थोरला आठवडाभरसुद्धा राहिला नाही. इतक्या लहान पोराला आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. आजोबा आणि बाबा त्याला घेऊन गेले. आई बाळंतिणीच्या खोलीत, तिला उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा नव्हता. आणि तसंही आईनं तिथे जायचं नसतं. परत आल्यावर आजोबांनी दाराबाहेरूनच तिला सांगितलं, "वीरांपाशी ठेवला. ते राखतील." गावाबाहेर मिठागराच्या टोकाला एका उंचवट्यावर दोन वीरगळ होते. गावातली अशी गेलेली सगळी पोरं त्यांच्यापाशी ठेवायची रीत होती. आपली पोरंबाळं सोडून लढायला गेलेल्या माणसांना गावानं पोरं सांभाळायच्या कामाला लावलं होतं.

पुढे मिठागरावर जाता-येता आईला ते दगड लांबून दिसायचे. तेवढं तिला पुरायचं. मग मी शाळेत असताना एका मोठ्या भरतीला बांध फुटला, खारं पाणी घरांपर्यंत आलं, भातही गेलं आणि मीठही गेलं. बाबा त्याआधीच वारले होते. मामानं आम्हा दोघांना उचलून पेणला आणलं, ते कायमचं. आई पुन्हा कधी गावाला गेली नाही. "पान्यात काय बघायचं?" म्हणायची.

पण थोरल्याला तिनं सोडलं नाही. दर वर्षी पौषात माझ्या वाढदिवसाला ती भोपळ्याच्या घाऱ्या तळते. पहिली घारी केळीच्या पानाच्या तुकड्यावर, पानाचं तोंड खाडीकडे, आणि कावळा ती उचलून नेईपर्यंत मला काही मिळायचं नाही. वाढदिवस माझा आहे की त्याचा, हेच मला लहानपणी कळत नसे. एकदा मी चिडून विचारलं, "त्याला आधी का?"

"तो थोरला."

"पण जगलो तर मी ना?"

"त्यात तुजी काय हुशारी?" आई म्हणाली.

रामवाडीतल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीतून लांबवर खाडीची एक पट्टी उन्हात चकाकताना दिसायची. आई तिकडे तोंड करून पान ठेवायची. मग समोर एक बिल्डिंग उभी राहिली. पट्टी झाकली गेली, कावळे गेले आणि कबुतरं आली. मागच्या पौषात, माझ्या वाढदिवशी, घारीवर कबुतर येऊन बसलं. आईनं त्याला फडकं मारून हाकललं. "हे काय आपल्यातलं नाय," ती म्हणाली. "ह्याच्या तोंडून त्याला कसं पोचंल?"

मला हसू आलं. मग पाहिलं तर ती रडत होती. बाबा गेले तेव्हा मी तिला रडताना पाहिलं होतं, त्यानंतर आता पाहत होतो.

"सगल्या दुनियेचं पत्तं काडतोस," ती पदरानं नाक पुसत म्हणाली, "आता त्याचा काड. तो पान्यात हाय का जमिनीत, तेवढं मला सांग. आनि पान कुटं तोंड करून ठेवू ते सांग. मी जायच्या आत सांग."

 घारी न खाता मी दुपारच्या गाडीनं रोह्याला निघालो.

मित्रानं सगळं ऐकून घेतलं, चष्मा लावला, कॉम्प्युटर उघडला आणि आमच्या गावाचं नाव टाकलं. पडद्यावर आलं: वीरगळ, दोन. सापडले. मी तापानं आडवा होतो तेव्हा तो एकटाच जाऊन नोंद करून आला होता. फोटोही होता. दोन्ही दगड बांधावर झकास उभे. "शिल्लक आहे तुझा माल," तो म्हणाला आणि माझ्या पाठीत असा धपाटा घातला की चहा सांडला. मी तिथूनच आईला फोन लावून ओरडलो, "सापडला! जमिनीत आहे!"  ती म्हणाली, "मी येनार. उद्या रिक्षा सांग."

दुसऱ्या दिवशी आई आणि मी रिक्षानं गावाला गेलो. आईनं नेसायला ठेवणीतलं लुगडं काढलं होतं, आणि मांडीवर घाऱ्यांचा डबा. इतक्या वर्षांनी गाव बघताना ती कुणाचं घर पडलं आणि कुणी स्लॅब टाकला एवढं मान हलवून टिपत होती. जुना बांध आणि मिठागर भरतीनं नेलेलं, त्यामुळे कुठली जागा कुठे होती हे आईलाही ओळखू येत नव्हतं. बांधावर गावातच राहिलेला माझा चुलतभाऊ आणि त्याची बायको वाट बघत उभे होते.

फोटोत एक गोष्ट नीट कळली नव्हती. दोन्ही वीरगळांना सिमेंटचा ओटा होता आणि ओट्याला बाथरूमच्या उरलेल्या निळ्या टाइल्स. कुणीतरी हौसेनं ऑइलपेंटही काढला होता. अप्सरा गुलाबी, घोडा पिवळा, आणि वीराला भरघोस काळ्या मिशा.  आई काठी टेकत पुढे गेली, कष्टानं खाली बसली, पान मांडलं, त्यावर घारी ठेवली आणि ओट्याशेजारची माती हातानं चाचपत राहिली. मी तोंड फिरवून खाडीकडे बघत उभा राहिलो.

चुलतभावाची बायको चहा घेऊन आली. दर्शन घेणाऱ्या प्रत्येकाला सांगायची सवय असावी तशी ती अभिमानानं म्हणाली, "काकी, हे देव आमच्या सासऱ्यांनी आनले हां. नवा बांध घातला तवा. बांध राखाला कोनतरी पायजे ना? होडीत घालून आनले, खाडीतनं."

आईचा हात मातीवरच थांबला. "होडीत? कुटनं?"

"तिकडनं," चुलतभाऊ म्हणाला आणि त्यानं हात असा फिरवला की त्यात अर्धी खाडी आली. "मी लहान होतो, काकी. बाबांना आनि त्यांच्यासंगतीच्या लोकांना ठाव होतं. आता त्यांतलं कोन ऱ्हायलं नाय. दादा, तुमचं ते मोजून झालं का? तुमचे रोह्याचे दोस्त आलते तवा दीसभर मोजत होते."

"त्याला सांगितलंस हे? होडीचं?"

"त्यांनी इचारलंच नाय."

मी मनातल्या मनात मित्राला ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. पण आईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती काठीच्या आधारानं उठली, आणि ती काठी तिनं सरळ मिशावाल्या वीरावर रोखली.

"तुला तितं कशाला ठेवलावता?" ती त्याला म्हणाली. "पोरं राखाला. आनि तू होडीत बसून निंगून आलास? तो तितंच ऱ्हायला, एकटा?"

"काकी, देव हाय तो," चुलतभावाची बायको घाबरून म्हणाली.

"देव नाय गो. कामावरचं मानूस हाय. शिफ्ट सोडून आलेलं." आईनं पानावरची घारी उचलली, डब्यात घातली आणि झाकण घट्ट लावलं. "याला नाय घालनार मी," म्हणाली आणि रिक्षाकडे चालायला लागली.

परतीच्या वाटेवर तिनं एकदाच तोंड उघडलं. "एवढी वर्सं मला वाटायचं, दोगंजन हायेत त्याच्यापाशी."  मला त्या रिक्षात जितकं वाईट वाटलं तितकं फार थोड्या वेळा वाटलेलं आहे.

मी रोह्याला गेलो तो भांडायच्या तयारीनंच. मित्र परसात पोपटीचं मडकं लावून बसला होता. भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, मीठ, मडकं उलटं करून वर जाळ. त्याच्या गावाकडचे वाल म्हणजे त्याचा वीक पॉइंट. त्या वासासमोर कुणाला भांडता येत नाही हे त्याला पक्कं माहीत आहे. तरी मी भांडलो.

"तू दगड मोजलेस, जागा नाही मोजलीस."

"वस्तू एका रॅकवरून दुसऱ्या रॅकवर नेली तरी स्टॉकमध्ये असतेच ना?"

"आणि पहिल्या रॅकवर दुसरं काही ठेवलेलं असलं तर?"

तो काटकीनं जाळ सारखा करत राहिला. मग उठला आणि घरातून कॉम्प्युटर घेऊन परसातच आला. "चल, बसव तुझा नकाशा," म्हणाला. माझ्यासाठी त्यानं शेंगा सोलून वाटीत ठेवल्या. हा माणूस माफी मागतो ती अशी.

पहिल्यांदा मी घाईत खाडीची वळणं एकमेकांवर बसवली आणि कबरीची खूण हायवेच्या पेट्रोल पंपावर आली. मित्र म्हणाला, "थोरला गाडीत हवा भरतोय." खाडी जागेवर राहत नाही, हे मिठागराच्या घरात जन्मून मी विसरलो होतो. बांध फुटल्यावर तर तिनं आपली कूसच बदलली होती. मग मी पाण्याला हात लावायचं सोडलं. गावाचं देऊळ घेतलं, मागच्या टेकडीचं टोक घेतलं, गावतळ्याचा कोपरा घेतला. नकाशा हलला, ताणला गेला आणि बसला. मिठागराच्या टोकाची ती बारीक खूण नव्या बांधाच्या पार बाहेर, गर्द हिरव्या डागावर जाऊन थांबली. तिथे आता सगळं कांदळवन होतं.

"पाण्यात," मित्र हळूच म्हणाला. त्यानं रकान्यातला 'सापडले' पुसला. पुढचा शब्द टाकायला मात्र तो तयार होईना. "आधी बघून येऊ," म्हणाला.

चुलतभावानं होडी काढली. उतरत्या पाण्याबरोबर आम्ही कांदळवनात शिरलो. पाणी सरत गेलं तशी होडी रुतली, आणि पुढे चिखलातून चालावं लागलं. मोबाईलवरचा निळा ठिपका मी हातात दिव्यासारखा धरला होता. मित्राचा एक बूट चिखलानं ठेवून घेतला. ठिपका खुणेवर आला तिथे झाडं जरा विरळ होती आणि जमीन थोडी वर आलेली, पायाखाली घट्ट. आणि तिथे शेवाळलेली एक सपाट शिळा होती, अर्धी गाळात. तिच्या मधोमध लांबट खाच होती, वीरगळाचं बूड बसेल अशी. खाचेत पाणी, आणि पाण्यात एक खेकडा बसलेला. थोड्या अंतरावर तशीच दुसरी शिळा.

मित्रानं पिशवीत हात घातला, ब्रश अर्धा बाहेर काढला आणि थांबून चुलतभावाला विचारलं, "ही कपडे धुवायची नाही ना?"

"इतं कोन धुवाला येनार?" चुलतभाऊ म्हणाला.

मला वाटलं होतं मला रडू येईल. आलं नाही. मी ओशाळलो. साठी उलटलेला, टक्कल पडलेला, एका हातात मोबाईल आणि दुसऱ्या हातात मित्राचा राहिलेला बूट, असा मी पहिल्यांदा माझ्या थोरल्या भावासमोर उभा होतो.  शेवटी मी म्हणालो, "आई बरी आहे." मित्रानं ऐकलं असावं, पण तो खेकड्याकडे बघत राहिला. मग पाणी परत चढायला लागलं, चुलतभाऊ हाका मारायला लागला, आणि आम्ही निघालो. होडीतून मागे पाहिलं तेव्हा शिळा बुडालेल्या होत्या.

 येताना पेणच्या स्टेशनात मित्र म्हणाला, "पाणी आलं की नाही, पाणी गेलं की आहे. असं कुठे स्टॉकमध्ये लिहितात?" त्यानं तो रकाना मोकळाच ठेवला. त्याच्या सगळ्या यादीत मोकळा रकाना तो एकच आहे.

आईला सांगायचं होतं, पण एक पंचाईत झाली होती. घरी येऊन मी आमच्या फ्लॅटपासून त्या खुणेपर्यंत मोबाईलवर रेघ ओढली. रेघ गॅलरीतून गेलीच नाही. ती गेली स्वयंपाकघराच्या खिडकीतून, गॅसच्या सिलिंडरवरून. गॅलरीतून चकाकायची ती पट्टी आमच्या खाडीची नव्हतीच, दुसऱ्याच फाट्याची होती. म्हणजे फ्लॅटमध्ये आल्यापासून आमच्या घाऱ्या परक्या गावाला जात होत्या. हे सांगावं की गिळून टाकावं, असा विचार करत मी दोनदा चहा केला. शेवटी ठरवलं, तिनं पत्ता विचारलाय, तर पत्ता खरा द्यायचा.

"भरतीला पाण्यात असतो," मी म्हणालो. "सुकतीला जमिनीत."

आईनं विचार केला. "म्हंजे बापासारखा," ती म्हणाली. "तो पन असाच. अर्दा दीस मिठागरात, पान्यात." तिच्या चेहऱ्यावरची गाठ जरा सुटल्यासारखी वाटली. "आनि तोंड कुटं करायचं?"

मी तिला हाताला धरून स्वयंपाकघराच्या खिडकीशी नेलं. बाहेर ड्रेनेजचा पाइप, शेजारच्यांची दोरीवरची पायपुसणी आणि त्यामागे मोकळं आभाळ. "इकडे," मी म्हणालो. "गॅलरी चुकीची होती, आई. पहिल्यापासून."

तिनं कट्ट्याला हात टेकला. "म्हंजे एवढी वर्सं मी त्याच्याकडं पाठ करून त्याला वाढलं?"

  तिनं सिलिंडरवरचं फडकं उचलून कट्टा पुसायला घेतला.

"तो काय पालन्यात हाय अजून?" पुसता पुसता ती मलाच रागावली. "तुज्याएवढा झालाय. आला असंल वलसा घालून. गुडगं तेवढं दुखलं असतील त्याचं."

यंदाच्या वाढदिवसाला तिनं सकाळीच मला मोबाईल काढायला लावला. "सुकती कवा हाय बग. भरतीत कसा जेवंल तो?" सुकती दुपार टळल्यावर होती. तोवर मला नुसत्या चहावर ठेवलं. मधल्या काळात माझ्या रक्तात साखर निघाली होती, आणि डॉक्टरांनी गोड म्हणून वर्षातून एखादा तुकडा, तोही सणावारी, एवढीच परवानगी दिली होती. आईला ते माहीत होतं. पण तिनं भोपळा किसला, गूळ घातला, आणि कढईत एकच घारी सोडली.

"एकच?" मी म्हणालो. "मला अर्धी ठीक आहे. त्याला तरी अख्खी दे."

आईनं माझ्याकडे बघितलं, मी अजून शाळेत असल्यासारखं. "जुले ना तुमी? तुला साकर झाली, म्हंजे त्याला पन झाली असंल. त्याला कोन हाय तितं पथ्य सांगाला?"

तिनं घारी निवू दिली, हातात घेतली आणि मोडली. एक तुकडा स्वयंपाकघराच्या खिडकीत पानावर ठेवला, दुसरा माझ्या हातावर. इतक्या वर्षांत आम्ही दोघं एकाच घारीतलं पहिल्यांदा खात होतो, आणि एकाच वेळी. मी तो तुकडा तोंडात घातला.

मोठा तुकडा थोरल्याकडे गेला, हे वेगळं सांगायला नको.